अशिलांच्या कागदपत्रांसाठी एन्क्रिप्टेड ईमेल: प्रोटॉन, टूटा, झोहो की आणखी काही?

उलट_तपासणी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला वकिली करते. बरीचशी कामं कौटुंबिक न्यायालयातली, म्हणजे घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. ऑफिस सीबीएसजवळ. स्टाफ म्हणजे मी, एक ज्युनिअर आणि एक टायपिस्ट.

सगळा पत्रव्यवहार आजवर फुकटच्या जीमेलवर चाललाय. त्यात अशिलांचे पगाराचे दाखले, बँक स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट, नवरा-बायकोच्या चॅटचे स्क्रीनशॉट असं काय काय साठलंय. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार (जुन्या पुरावा कायद्याचं १२६) अशिलानं विश्वासानं सांगितलेलं मला बाहेर काढता येत नाही. मग तेच सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर उघडं ठेवणं बरं दिसत नाही.

ज्युनिअर म्हणतो प्रोटॉन घ्या, विषय संपला. घरचे म्हणतात जीमेललाच टू-स्टेप लाव आणि झोप. टूटा, मेलबॉक्स, झोहो ही नावंही कानावर आलीत. वर्षाला तीन-चार हजार खर्चायची तयारी आहे. अट एकच, अशिलांना काही इन्स्टॉल करा म्हणून सांगता येणार नाही. पिंपळगावहून येणाऱ्या आजींना मी पीजीपी (मेलला स्वतः कुलूप-किल्ली लावायचं तंत्र) शिकवू शकत नाही. तुम्ही काय वापरता आणि का?

मिसळीत_पाव

वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

टर्मिनल_काका

वकीलताई, कंपनी नंतर ठरवू. आधी हे सांगा, कागद नेमके कुणाच्या नजरेतून वाचवायचेत? गूगलच्या, सरकारच्या, चोराच्या की समोरच्या पक्षकाराच्या? चौघांवरचं औषध वेगळं आहे.

साधा मेल वाटेत बहुतेक वेळा झाकलेला असतो, पण सर्व्हरवर पोचल्यावर त्याची चावी कंपनीकडेच असते. जीमेलनं जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करायचं २०१७ मध्ये जाहीर केलं. 'गूगल तुमचे मेल वाचून जाहिराती दाखवतं' हे पालुपद त्यामुळे जुनं झालं. तरी मजकूर वाचता येण्याची सोय त्यांच्याकडे आहेच, आणि कायदेशीर आदेश आला तर तो देताही येतो. जीमेलमधला तो 'गोपनीय मोड' तर याबाबतीत नुसता देखावा. त्यानं फॉरवर्ड आणि प्रिंटची बटणं जातात, मजकूर गूगलकडे वाचनीयच राहतो.

प्रोटॉन आणि टूटा यांच्याकडे तुमची पेटी तुमच्या पासवर्डाच्या आधारानं बंद होते. कंपनीकडे चावी नसते, त्यामुळे कुणी मागितलं तरी साठलेला मजकूर देता येत नाही.

आता मेख ऐका. हे संरक्षण पूर्ण तेव्हाच, जेव्हा दोन्ही टोकं एकाच सेवेत असतात किंवा दोघंही पीजीपी वापरतात. तुम्ही प्रोटॉनवरून अशिलाच्या जीमेलवर पाठवलंत की तुमची प्रत कुलपात आणि तिची प्रत गूगलकडे. तुमच्या किती अशिलांकडे प्रोटॉन आहे?

दोघांतला फरक थोडक्यात. प्रोटॉन जिनिव्हाचं. सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. ओपनपीजीपी हे जुनं, खुलं तंत्र वापरतात, म्हणून विषयाची ओळ एंड-टू-एंड (पाठवणारा आणि वाचणारा सोडून कुणालाच दिसणार नाही अशी) झाकली जात नाही. टूटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचं, २०२३ पर्यंत नाव टूटानोटा होतं. ते विषयाची ओळही झाकतात. त्याच्या बदल्यात पीजीपी नाही आणि आयमॅपही नाही, म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये उघडता येणार नाही, त्यांचंच ॲप वापरायचं. प्रोटॉनला 'ब्रिज' नावाचं जोडसॉफ्टवेअर आहे, त्यातून आउटलुक चालतं, पण फक्त पैसे भरणाऱ्यांना.

कुणाचा मेल कुणाला, किती वाजता गेला, हे मात्र दोन्हीकडे कंपनीला कळतंच. ईमेल पोचवायचा तर पाकिटावर पत्ता लागणारच.

वकिलांना विषयाच्या ओळीत पक्षकारांची नावं आणि 'पोटगी अर्ज' लिहायची सवय असते. प्रोटॉन घेतलंत तर ती सोडा. केस नंबर पुरे.

शालिमार_चौक

एक बाळबोध शंका. ज्यानं काही लपवायचं नाही त्याला हे कशाला? आणि प्रोटॉन वापरलं की पोलिसांची नजर आधी तुमच्यावरच. कर्नाटकात तर कोर्टानं बंदी घातली म्हणे.

पंचवटी_४२२००३

शालिमारभाऊ, तुमच्या घरच्या पोटगीच्या दाव्यातले कागद इथे टाका, मग बोलू. (हलकं घ्या.)

बंदीचं नीट सांगतो, कारण अर्धवट बातम्या फार फिरल्या. एका कंपनीच्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल घाणेरडे मेल प्रोटॉनवरून आले, कंपनी कोर्टात गेली. २९ एप्रिल २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं केंद्र सरकारला आयटी कायद्याच्या कलम ६९ अ खाली ही सेवा ब्लॉक करण्याची प्रक्रिया सुरू करायला सांगितलं. त्याआधी २०२४ मध्ये चेन्नईच्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, तेव्हाही ब्लॉक करण्याची हालचाल झाली होती. एन्क्रिप्टेड मेल वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. पण एखाद्या सकाळी सेवा उघडलीच नाही, अशी जोखीम आहे आणि ती गृहीत धरूनच बेत आखायचा.

प्रोटॉन म्हणजे कायद्याच्या पलीकडे, हाही गैरसमज. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एका हवामान कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस यंत्रणांचा आदेश आला आणि प्रोटॉननं त्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा नंबर) नोंदवून दिला. मजकूर दिला नाही, कारण तो त्यांच्याकडे वाचनीय नव्हताच. टूटालाही जर्मन कोर्टानं २०२० मध्ये एका खात्यावर नव्यानं येणारे साधे मेल उघडे द्यायला लावले होते. साधा मेल बाहेरून आला की तो झाकला जाण्याआधी क्षणभर सर्व्हरला दिसतो, ही फट दोघांकडे आहे.

वकीलताईंना स्विस पोलिसांपासून लपायचं नाहीये, त्यामुळे हे त्यांच्या निवडीत फार मोजायची गरज नाही.

द्राक्षबाग

आमचा अनुभव वेगळ्या धंद्यातला आहे, पण कामाला येईल. आम्ही युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्यांपैकी. जानेवारी ते एप्रिल मेलवर नुसता धुमाकूळ असतो. कंटेनर न्हावा शेवाहून सुटला, रोटरडॅमला लागला, रेसिड्यू रिपोर्ट, इन्व्हॉइस, क्वालिटी क्लेम.

आमच्या ओळखीतल्या एका निर्यातदाराच्या मेलमध्ये कुणीतरी शिरलं. गुपचूप फॉरवर्डचा नियम लावला आणि आठवडेच्या आठवडे नुसतं वाचत बसलं. पेमेंटची वेळ आली तेव्हा खरेदीदाराला मेल गेला, 'आमचं बँक खाते बदललंय'. पत्ता हुबेहूब, डोमेनमध्ये (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावात) एकच अक्षर इकडचं तिकडे. पैसे गेले दुसऱ्याच खात्यात.

आता सांगा, इथे प्रोटॉन असतं तर काय झालं असतं? पासवर्ड फसवून काढून घेतला की कुलूप तुमच्याच चावीनं उघडतं. तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी पक्क्या. खाते नंबर बदलला असं कुणीही कळवलं तर जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही. आणि मालकाच्या खात्याला यूएसबीची सुरक्षा-किल्ली. एसएमएसचा ओटीपी खोट्या पानावर टाइप करून देता येतो, ती किल्ली खोट्या पानावर चालतच नाही. प्रोटॉन, टूटा, जीमेल तिन्हीकडे ती लागते.

(कुणाचं असं झालंच तर आधी १९३० ला फोन, मग बँक, मग बाकीची रडारड. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता असते.)

गंगापूर_रोडवाला

मी म्हणतो बाहेर जायचंच कशाला? झोहो आपलं, चेन्नईचं. रुपयात बिल, जीएसटीचं इन्व्हॉइस, सपोर्टला फोन केला तर माणूस उचलतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनीही आपला मेल झोहोवर नेला. परदेशी कार्ड पेमेंटची कटकट नको.

टर्मिनल_काका

झोहो चांगलंच आहे, मी दोन कारखान्यांना लावून दिलंय. पण ते जीमेलच्या जातीचं आहे, प्रोटॉनच्या नाही. साठवलेला डेटा ते एन्क्रिप्ट करतात, पण चावी त्यांच्याकडे. जाहिरातींवर धंदा नाही, एवढा फरक मोठा आहे आणि बऱ्याच जणांना तेवढा पुरतो. फक्त 'झोहो घेतलं म्हणजे एंड-टू-एंड झालं' असं समजून कुणी घेऊ नका.

पेमेंटचं खरं आहे. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात, नव्या कार्डांवर ते बंदच येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनंतर परदेशी सेवांचे आपोआप होणारे हप्ते अडकतात. वर्षाचे पैसे एकदम भरा आणि पुढच्या वर्षीची तारीख कॅलेंडरात टाका. मेल बंद पडल्यावर तो बंद पडल्याचा मेल कुठे येणार?

मिसळीत_पाव

जाणकार बोलले, आता आमच्यासारख्या अडाण्याचं ऐका.

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कधी बघितलंय? पाच मिनिटं उभं राहिलं की निम्म्या जिल्ह्याची भांडणं कळतात. 'भाऊ, व्हॉट्सॲप केलंय, प्रिंट काढा.' आधार, पॅन, सातबारा, लग्नाचे फोटो, सगळं त्या मशीनवरच्या एका उघड्या व्हॉट्सॲप वेबमध्ये. वकीलताई स्वित्झर्लंडला कुलूप लावतायत आणि टायपिस्ट तेच ॲफिडेव्हिट दुकानाच्या मेलवर पाठवतोय की नाही, हे आधी बघा.

उलट_तपासणी

मिसळीत_पाव, दंडवत! आमचा प्रिंटर ऑफिसातच आहे. पण अशील मात्र तिथूनच कागद स्कॅन करून पाठवतात, हे अगदी खरं.

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चौथा. गूगलचं मला फारसं काही नाही आणि सरकारला माझ्या पोटगीच्या दाव्यांत रस नसावा. भीती समोरच्या बाजूची आहे. परवाच एका दाव्यात आमच्या नोटिशीचा मसुदा नोटीस जायच्या आधीच समोरच्याला माहीत होता.

निशिगंध

ताई, मग सगळी चर्चा चुकीच्या टोकाला चाललीय. मी कौटुंबिक समुपदेशनात काम करते, आमच्याकडे हे रोज दिसतं. तुमचं खाते कुणी फोडलेलं नसणार. मसुदा तुमच्या अशिलाच्या फोनवरून गेला असेल.

बाईचं जीमेल खाते लग्नानंतर नवऱ्यानंच काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याला माहीत. रिकव्हरीचा नंबर त्याचा. मुलांच्या अभ्यासाच्या टॅबवर तेच खाते लॉगिन. सिमकार्डसुद्धा त्याच्या नावावर, म्हणजे ओटीपीचा भरवसा नाही. तुम्ही कितीही सुरक्षित ठिकाणाहून पाठवा, मेल टॅबवर टिंग वाजवून येतो आणि सासूबाई वाचतात.

आम्ही पहिल्याच भेटीत नवं खाते काढून देतो. टूटा किंवा प्रोटॉनचं फुकटचं, दोन्ही फोन नंबर न देताही बहुधा निघतं. खात्याच्या नावात तिचं नाव नाही. ॲप फोनवर ठेवायचं नाही, ब्राउझरच्या खासगी खिडकीतून उघडायचं आणि बंद करायचं. रिकव्हरी कोड माहेरी किंवा आमच्या कपाटात. टूटाचं एक लक्षात ठेवा, फुकटचं खाते सहा महिने उघडलं नाही तर ते काढून टाकतात, आणि दावे तर सहा-सहा महिने नुसत्या तारखांवर जातात.

फोनवर आधीच पाळत ठेवणारं ॲप टाकलेलं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा दुसरा फोन, नाहीतर सरळ ऑफिसात बोलावणं.

टर्मिनल_काका

निशिगंधताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

यात आणखी एक सोय निघते. अशिलाचं खाते आणि वकिलाचं खाते एकाच सेवेत असलं की एंड-टू-एंड आपोआप होतं, कुणाला काही शिकवावं लागत नाही. म्हणजे ताईंच्या अशिलांना जे खाते काढून द्यायचं, तेच ताईंनी घ्यायचं.

बाकीच्या अशिलांसाठी दोघांकडेही 'पासवर्ड लावून पाठवा' अशी सोय आहे. समोरच्याला साध्या मेलमध्ये लिंक जाते, तो पासवर्ड टाकून वाचतो, तिथूनच उत्तरही देतो. पासवर्ड मात्र फोनवर सांगायचा.

पंचवटी_४२२००३

त्या लिंकचं जरा जपून. बँका, पोलिस, नातवंडं सगळे मिळून ज्येष्ठांना सांगतायत की अनोळखी लिंकवर टिचकी मारू नका. देवळालीच्या माझ्या काकांना त्यांच्या सीएनं असा मेल पाठवला, तर काकांनी सीएचा नंबरच ब्लॉक केला. अशांना पीडीएफलाच चांगला लांब पासवर्ड लावून पाठवलेलं बरं. जन्मतारीख पासवर्ड म्हणून नको, समोरच्या पक्षाला ती पाठ असते.

माझा मुख्य सल्ला वेगळाच आहे, स्वतःचं डोमेन घ्या. कंपनी कुठलीही असो, पत्ता तुमचा हवा. लाव्हाबिट ही मेलसेवा २०१३ मध्ये स्नोडेन (अमेरिकी सरकारची पाळत उघड करणारा) प्रकरणात रातोरात बंद झाली, मालकानं सरकारला चाव्या देण्यापेक्षा शटर ओढलं. सीटेम्प्लर २०२२ मध्ये गेलं. स्किफ तर किती गाजत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशननं विकत घेतलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुंडाळलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी मेलची दिशा दुसरीकडे वळवली आणि कामाला लागले. बाकीचे शंभर ठिकाणी पत्ता बदलत बसले. प्रोटॉन भारतात ब्लॉक झालं तरी हाच मार्ग. जुने मेल मात्र सोबत येत नाहीत, त्यांची प्रत अधूनमधून स्वतःकडे उतरवून ठेवा.

बर्लिनचं पोस्तेओ महिन्याला एक युरोत मिळतं, मला आवडतंही, पण तिथे स्वतःचं डोमेन चालत नाही. म्हणून तुमच्यासाठी बाद.

शालिमार_चौक

बरं, पटलं थोडंसं. पण पासवर्ड विसरला तर?

टर्मिनल_काका

तर जुन्या मेलना मुकलात. प्रोटॉनवर पासवर्ड बदलून खाते परत मिळतं, पण रिकव्हरीचे शब्द जपले नसतील तर आधीचे मेल कुलपातच राहतात. टूटावर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड दोन्ही गेले की खातेच गेलं. कंपनीला फोन करून रडून उपयोग नाही, कारण त्यांच्याकडे चावी नाही, आणि आपण पैसे त्याचेच दिले.

वकिलांनी तर हे लिहूनच ठेवावं. उद्या ताई आजारी पडल्या आणि ज्युनिअरला तारखेचे कागद काढायचे असले तर? रिकव्हरीचे शब्द कागदावर, बंद पाकिटात, घरच्या विश्वासातल्या माणसाकडे. टेबलाच्या काचेखाली नाही. टायपिस्टला तुमचा पासवर्ड देऊ नका, त्याच डोमेनवर त्याचं वेगळं खाते काढा.

आणि शोधाची सवय मोडेल, हे आधीच सांगतो. जीमेलमध्ये दहा वर्षांपूर्वीचं एक नाव टाकलं की चुटकीसरशी निघतं. इथे सर्व्हरला मजकूर वाचताच येत नाही, म्हणून शोधाची यादी तुमच्याच संगणकावर तयार होते. जुना लॅपटॉप असेल तर पहिल्या खेपेला चांगलाच धापा टाकतो.

उलट_तपासणी

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं ठरलंय ते असं. डोमेन घेते. ऑफिसचा मेल प्रोटॉनच्या पैसे भरायच्या योजनेवर, कारण टायपिस्टला आउटलुकशिवाय जमत नाही आणि टूटात ते होणार नाही. विषयाच्या ओळीत यापुढे फक्त केस नंबर. ज्या बायकांचं घरी कठीण आहे त्यांना ऑफिसात बसवून फुकटचं प्रोटॉन काढून देणार. दिवसाला दीडशे मेलची मर्यादा त्यांना जन्मात लागायची नाही. बाकीच्यांना पासवर्डवाली पीडीएफ. नोटिशीचा मसुदा तर आता मेलवर पाठवतच नाही, येऊन वाचा आणि सही करा.

काका, जुनं जीमेल कधी बंद करू? त्यातले सगळे मेल प्रोटॉनमध्ये ओढून घेता येतात असं ज्युनिअर सांगतोय.

टर्मिनल_काका

येतात, पण ओढून घेतल्यानं गूगलकडची प्रत जात नाही, ती वेगळी पुसावी लागते. नवीन ठिकाणी जोडपत्रं नीट उघडतायत हे बघितल्याशिवाय पुसू नका.

खाते मात्र इतक्यात बंद करू नका. ई-फायलिंग, आयकर, बँक, विमा, जिथे जिथे तो पत्ता नोंदवलाय तिथे आधी बदला. वर्षभर जीमेल चालू राहू द्या, त्याला सुरक्षा-किल्ली लावा आणि 'नवा पत्ता हा आहे' असं आपोआप जाणारं उत्तर ठेवा. जीमेलवरून नव्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड लावू नका, नाहीतर लोक वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतात आणि गूगलकडे प्रत पडतच राहते.

डोमेन जोडताना प्रोटॉन तुम्हाला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या ओळी (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या नोंदी) देईल, तिन्ही टाका. त्या नसल्या तर तुमचे मेल कोर्टाच्या आणि बँकांच्या स्पॅममध्ये जातील, आणि द्राक्षबागवाल्यांनी सांगितला तसा एखादा तुमच्या नावानं मेल पाठवायला मोकळा राहील. एक अक्षर बदललेलं डोमेन मात्र त्यांनी थांबत नाही, त्यासाठी फोनच. शनिवारी सातपूरला असतो, अडलं तर इथेच लिहा.

द्राक्षबाग

आणि डोमेनचं नूतनीकरण ज्या मेलवर कळवलं जातं तो मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. दुसरा कुठलाही ठेवा.